छऱ्याच्या बंदुकीस आवाज दाबणारी नळी : कोणती घ्यावी आणि कशासाठीं?

कशेडी घाटाच्या दोन्ही अंगांस, म्हणजे अलीकडे पोलादपूर-महाडच्या वाड्यांत आणि पलीकडे खेडच्या बाजूस, शेतकऱ्यांच्या बोलण्यांत हल्लीं एक नवा प्रश्न ऐकूं येतो. छऱ्याच्या बंदुकीच्या तोंडास आवाज दाबणारी जी नळी बसवितात, जिला दुकानदार मॉडरेटर म्हणतात आणि इतर सर्व लोक सायलेन्सर म्हणतात, ती कोणत्या प्रकारची घ्यावी? हा प्रश्न विचारणारे लोक हौशी शिकारी नव्हेत. वर्षभर राबून हातीं आलेला घास डोळ्यांदेखत नाहींसा होतांना पाहणारे ते शेतकरी आहेत. तेव्हां प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. आमचें उत्तर थोडक्यांत सांगावयाचें तर असें : गोठ्यांतील उंदीर-घुशींसाठीं अथवा नेमबाजीच्या सरावासाठीं नळी हवी असेल तर ती पारखून खुशाल घ्यावी, ती कशी पारखावी हें आम्ही पुढें सांगतच आहों. परंतु वानर-डुकरांपासून पीक राखण्यासाठीं ती हवी असेल, तर तिच्यावर एक रुपयाही खर्च करूं नये. शेताच्या राखणींत आवाज हा शेतकऱ्याचा वैरी नसून मित्र आहे, आणि मित्राचें तोंड पैसे देऊन बंद करण्यांत शहाणपण नाहीं.

प्रथम या मागणीच्या मुळाशीं असलेलें दुःख नीट ओळखलें पाहिजे. या भागांतील शेतें लहान, डोंगराच्या कुशींत विखुरलेलीं आणि बहुधा रानाला लागूनच आहेत. खालीं खाचरांत भात, भातानंतर त्याच ओलीवर वाल, वर वरकसांत नाचणी आणि वरी, घराभोंवतीं आंबा, फणस व काजू, असा येथील संसार. पूर्वीं प्रत्येक वाडींत राखणीला माणसें असत. माळ्यावर म्हातारा, बांधावर गोफण घेतलेला पोर आणि डबा वाजविणारी बाई, एवढ्यावर हंगाम निभावून जात असे. आज पोर मुंबईस आहे. २०२३ सालीं कशेडीचा बोगदा वाहतुकीस खुला झाला आणि मुंबईची वाट सोपी झाली, पण तेवढ्यानें बांधावर उभें राहणारें माणूस परत आलें नाहीं. ज्या वाडींत चार म्हातारीं माणसें उरलीं, त्या वाडीचें वरकस प्रथम ओस पडतें, मग तेथें रान वाढतें, आणि त्या रानांतून डुकरें सरळ भाताच्या खाचरांत उतरतात. अशा वेळीं एकट्या माणसास वाटतें कीं, कोणास न कळतां, कळप न पळतां, झाडामागून एकेक टिपतां आलें तर बरें होईल. नळीची मागणी या अगतिकतेंतून आली आहे. अगतिकता खरी आहे. उपाय मात्र खोटा आहे.

आतां बंदुकीकडे वळूं. हवेची बंदूक ही कांहीं नवी वस्तु नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जिरांडोनी नांवाच्या कारागिरानें केलेल्या हवेच्या बंदुका ऑस्ट्रियाच्या सैन्यानें प्रत्यक्ष वापरल्या होत्या. आपल्या देशांत २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें जिची नळी ४.५ मिलिमीटरहून अधिक रुंद नाहीं आणि जिची शक्ति तोंडाशीं २० ज्यूलहून अधिक नाहीं, अशा हवेच्या बंदुकीस परवाना लागत नाहीं. या दोहोंपैकीं एकही मर्यादा ओलांडली कीं परवान्याचें बंधन आलें. वीस ज्यूल म्हणजे किती, याचा अंदाज असावा म्हणून सांगतों कीं, बारा बोअरच्या काडतुसी बंदुकीची शक्ति दोन हजार ज्यूलच्या वर असते. म्हणजे आपली छऱ्याची बंदूक तिच्या शंभरावा हिस्सा देखील नव्हे. ही तुलना वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील विवेचनांत ती उपयोगी पडणार आहे.

बाजारांत या बंदुकांच्या दोन मुख्य जाती आहेत. पहिली स्प्रिंगची, नळी मोडून स्प्रिंग दाबावयाची, घोडा ओढला कीं दट्ट्या धांवतो, पुढची हवा क्षणांत दाबली जाते आणि छरा सुटतो. दुसरी टांकीची, तिच्या पोटांत हातपंपानें दोनशे बारच्या आसपास दाबाची हवा आधींच भरून ठेवितात आणि प्रत्येक बारास तींतील थोडी सुटते. नळी घेण्याचा विचार करणाऱ्यानें आपली बंदूक यांपैकीं कोणती, हें आधीं पाहावें. कारण दोहोंचा आवाज निराळ्या ठिकाणीं उत्पन्न होतो. स्प्रिंगच्या बंदुकींत मोठा आवाज दट्ट्याच्या ठोक्याचा आणि स्प्रिंगच्या थरथरीचा असतो. तो बंदुकीच्या अंगांत होतो, तोंडाशीं नव्हे. शिवाय गाल दस्त्यास लागलेला असल्यामुळें नेम धरणाऱ्यास तो हाडांतून अधिकच ऐकूं येतो. अशा बंदुकीच्या तोंडास कितीही उंची नळी लाविली तरी फरक थोडाच पडावयाचा. टांकीच्या बंदुकीचें तसें नाहीं. तेथें छऱ्यामागून दाबलेली हवा एकदम बाहेर पडते आणि तोंडाशीं फटाका वाजतो. त्या बंदुकीस नळीचा गुण पुष्कळ येतो.

नळीचें तत्त्व साधें आहे. अमेरिकेंत हायरम पर्सी मॅक्सिम याला १९०९ मध्यें अशा उपकरणाचें पेटंट मिळालें, आणि तेंच तत्त्व त्यानें इंजिनाचा आवाज कमी करण्याकडेही लाविलें. मोटारीचा सायलेन्सर ज्यांनीं उघडून पाहिला असेल त्यांस निराळें सांगणें नको. नळीच्या आंत एक मोकळी कोठी असते आणि पुढें मधोमध भोंक असलेले कित्येक पडदे एकापुढें एक बसविलेले असतात. छरा भोंकांतून सरळ निघून जातो. मागून येणारी हवा मात्र कोठींत पसरते, पडद्यांवर आपटते, मंद होते आणि एका दणक्यांत बाहेर न पडतां हळूहळू पडते. दणका गेला कीं आवाज गेला, एवढेंच.

यावरून निवडीचे नियम ओघानेंच निघतात. पहिला नियम भोंकाचा. भोंक छऱ्याहून कांहींसें मोठें आणि नळीच्या अक्षांत अगदीं सरळ पाहिजे. तें तिळभर वांकडें असलें तर छरा पडद्यास घासतो, नेम जातो, आणि पुष्कळदां लोक बंदुकीस दोष देत बसतात. नळी बसविल्यावर प्रथम दहा पावलांवर कागद लावून पांच-सहा छरे मारावे, नंतर नळी काढून तिच्या पुढच्या भोंकाच्या कांठावर शिशाचा चकचकीत ओरखडा दिसतो काय तें पाहावें. ओरखडा दिसला तर ती नळी परत करावी. भरलेल्या बंदुकीच्या तोंडांत डोळा घालून पाहण्याचा मूर्खपणा कोणीही करूं नये.

दुसरा नियम पेचांचा. पुष्कळ बंदुकांच्या तोंडास अर्धा इंच जाडीचे, इंचास वीस, असे पेच असतात. परंतु सगळ्यांस तेच असतात असें नाहीं आणि कित्येकांस मुळींच नसतात. पेच नसलेल्या बंदुकीस स्क्रूनें आवळणारा जोड मिळतो, तो ढिला पडून तिरका होतो. गांवच्या लोहाराकडून पेच पाडून घेणें तर सर्वस्वीं वर्ज्य समजावें. तिसरा नियम लांबी व वजन यांचा. कोठी मोठी तितका आवाज कमी, हें खरें. पण तोंडाशीं टांगलेलें वजन नेम खालीं ओढतें आणि अडचणीच्या जागीं लांब नळी खांबांस अडकते. नळी मोडून भरावयाच्या बंदुकीस ती हलकीच असावी, आणि ती धरून बंदूक मोडूं नये, नाहींतर पेच वांकतात. शिवाय जाड नळीमुळें पुढची माशी झांकली जाते; दुर्बीण नसलेल्या बंदुकीचा नेमच मग नाहींसा होतो. ही गोष्ट दुकानांत कोणी सांगत नाहीं, घरीं आल्यावर कळते.

चवथा नियम पावसाचा. आमच्याकडे चार महिने कपाटांतले कपडे देखील ओले लागतात. नळींतील नमदा ओल धरून ठेवितो आणि बंदुकीच्या तोंडास गंज चढवितो. तेव्हां काम झालें कीं नळी काढून, कोरडी करून निराळी ठेवावी. पडदे सुटे होऊन पुसतां येतील अशी नळी पसंत करावी. पांचवा नियम छऱ्याचा. छरा आवाजाच्या वेगाहून, म्हणजे सेकंदास सुमारें ३४० मीटरांहून, अधिक धांवला तर वाटेंत हवा फाटून चाबकासारखा कडाका होतो, आणि तो कोणत्याही नळीनें दबत नाहीं. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छरा वीस ज्यूलनें सुटला तर सेकंदास सुमारें २८० मीटर जातो. तेथें भीति नाहीं. परंतु वेगाची जाहिरात करून विकले जाणारे हलके छरे, ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वजनाचे, तीच शक्ति मिळतांच ती मर्यादा ओलांडतात. म्हणजे महाग नळी आणि हलका छरा हा व्यवहार एका हातानें दार लावून दुसऱ्यानें उघडण्यासारखा आहे. सहावा नियम परीक्षेचा. आवाज किती कमी झाला हें नेम धरणाऱ्याच्या कानानें ठरवूं नये. दुसऱ्या माणसास बाजूस वीस-तीस पावलांवर उभें करून त्यास विचारावें.

शेवटचा नियम कायद्याचा. दारूनें उडणाऱ्या बंदुकीचा आवाज किंवा ज्योत कमी करणारें उपकरण शस्त्रनियमांनीं अत्यंत कडक वर्गांत घातलें आहे. हवेच्या बंदुकीची नळी तेथें लावून पाहण्याची कल्पना देखील मनांत आणूं नये. ती फुटून हात जाईल आणि मागाहून खटला होईल तो निराळाच. म्हणून सुटी नळी कोठून तरी टपालानें मागविण्यापेक्षां कारखान्यांतच आवाज दाबण्याची व्यवस्था करून दिलेली बंदूक घेणें अधिक सुरक्षित. पावतीवर नळीची रुंदी व शक्ति लिहून घ्यावी, पावती जपून ठेवावी, आणि शंका असल्यास खरेदीपूर्वीं पोलीस ठाण्यांत विचारून घ्यावें.

या नियमांनीं घेतलेली नळी गोठ्यांत आणि कणगीपाशीं खरोखर उपयोगी आहे. रात्रीं गुरें बांधलेलीं असतां, कोंबड्या बसलेल्या असतां घूस टिपावयाची तर फटाका वाजून चालत नाहीं. गाय बुजली तर सकाळीं दूध चोरते. उंदीर-घुशींस वन्यजीव कायद्याच्या अनुसूचींत स्थान नसल्यामुळें तेथें कायद्याची अडचणही नाहीं. मात्र मागें वाळूचें पोतें असल्याशिवाय घोडा ओढूं नये. काळ्या दगडाच्या जोत्यावरून छरा उलटून येतो. शिशाचे छरे वैरणींत पडूं देऊं नयेत. आणि गोठ्यांत धामण दिसली तर तिला मारूं नये. ती आपल्या बंदुकीहून चांगली राखण करते आणि तिला नळी लागत नाहीं.

आतां पिकाच्या राखणीविषयीं. येथें आमचे आक्षेप तीन आहेत. पहिला कायद्याचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. तिच्यान्वयें डोक्यावरील केंस टोपीसारखे पसरलेलें आपलें लाल तोंडाचें माकड पहिल्या अनुसूचींत गेलें आहे, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचींत आहे, आणि काळ्या तोंडाच्या वानरासही संरक्षण आहे. प्राणी मेला नाहीं, नुसता प्रयत्न केला, तरी कायद्याच्या व्याख्येनें ती शिकारच होते. पहिल्या अनुसूचींतील प्राण्याबद्दल शिक्षा तीन वर्षांहून कमी नाहीं. त्यांत आवाज दाबणारी नळी सांपडली, तर चुकून छरा लागला असें सांगण्यास तोंडच राहत नाहीं; कारण ती नळी हाच लपवून मारण्याच्या हेतूचा पुरावा म्हणून पुढें येईल.

दुसरा आक्षेप माणुसकीचा आणि व्यवहाराचाही आहे. वर सांगितलेली तुलना येथें आठवावी. वीस ज्यूलच्या छऱ्यानें डुक्कर मरत नाहीं आणि माकडही बहुधा जागीं मरत नाहीं. डोळा फुटतो, पोटांत छरा राहतो, जखम चिघळते. मारुतीच्या देवळांत शनिवारीं तेल घालणाऱ्या हातानें पोटाशीं पिलूं धरलेल्या माकडिणीस असें कुजत मरूं द्यावें, हें आमच्या लोकांच्या मनास रुचणारें नाहीं. आणि चिडलेलें जखमी डुक्कर पहांटे पाणी लावावयास गेलेल्या माणसावर येतें, तेव्हां तो नेम धरणारा तेथें असतोच असें नाहीं.

तिसरा आक्षेप आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. कळपास शेतापासून दूर ठेवते ती भीति, आणि भीति शिकविते तो आवाज. गोफणीचा फटकारा ऐकला कीं माकड पळतें, तें दगड लागला म्हणून नव्हे. त्या आवाजामागें माणूस आहे हें त्यास ठाऊक असतें म्हणून. मुक्या बंदुकीनें एक माकड विव्हळत पडलें तर उरलेल्या कळपास कशाची भीति बाळगावी हेंच कळत नाहीं. तो पुढच्या झाडावर जातो आणि तासाभरानें परत येतो. पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यांतही ठेविलेली आहे. ज्या घरीं अशी बंदूक होती त्यांस विचारावें : तिच्या गोळीनें किती जनावरें पडलीं आणि तिच्या नुसत्या बारानें किती रात्रीं निभावल्या?

याचा अर्थ वाटेल तो आवाज करावा असा नव्हे. प्लास्टिकच्या नळींत कार्बाईड व पाणी घालून बार काढण्याची युक्ति शेतांत शिरली आहे. २०२५ च्या दिवाळींत मध्य प्रदेशांत अशाच नळ्यांनीं कित्येक मुलांच्या डोळ्यांस इजा झाली. ती वस्तु घरांत आणूं नये. आणि एकाच जागीं, एकाच वेळीं वाजणारा रिकामा आवाज माकड आठवड्यांत ओळखतें. आवाजामागें माणूस दिसला पाहिजे, जागा बदलली पाहिजे, वेळ बदलली पाहिजे.

कोणी म्हणेल, माणूसच नाहीं म्हणून तर नळीचा विचार आला. तुम्ही पुन्हां माणूसच मागतां! आक्षेप योग्य आहे. म्हणूनच आमचें म्हणणें एकेका शेतकऱ्यास उद्देशून नाहीं, वाडीस उद्देशून आहे. बारा घरांनीं बारा बंदुका व बारा नळ्या घेण्यापेक्षां त्याच पैशांत हंगामाचे दोन राखणदार ठेवितां येतील. भात निसवल्यापासून झोडणीपर्यंत आणि आंबा धरल्यापासून उतरेपर्यंत, एवढाच काळ खरा धोक्याचा असतो. एका शेतावरून हाकलेला कळप शेजाऱ्याच्या शेतांत जातो. सगळ्या वाडीनें एकदम हाकारे घातले तर तो रानांत जातो. नुकसान झालें तर विलंब न लावतां वनखात्याकडे अर्ज देऊन पंचनामा मागावा. थोड्या रकमेसाठीं कोण हेलपाटे घालील, असें म्हणून आपण अर्ज करीत नाहीं, आणि मग सरकारी दप्तरांत आपल्या वाडींत माकडांचा त्रासच नाहीं असें ठरतें.

सरकारलाही आम्हांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. रानडुक्कर उभ्या पिकास धोकादायक झालें तर त्यास मारण्याची लेखी परवानगी अकराव्या कलमाखालीं देतां येते. ती शेतकऱ्यास पीक उभें असतांना मिळाली पाहिजे, झोडणी झाल्यावर नव्हे. लाल माकडाच्या बाबतींत पिकासाठीं मारण्याची वाट बंद आहे, आणि ती उघडावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु बाराव्या कलमांत, प्राण्यास न मारतां त्याचें स्थलांतर किंवा संख्यानियमन करण्याची वाट, केंद्र सरकारच्या संमतीनें, उघडी ठेविलेली आहे. हिमाचल प्रदेशांत माकडें धरून त्यांची नसबंदी करण्याचें काम २००७ पासून चालूं आहे. २०१६ मध्यें शिमला शहरापुरतीं तेथील माकडें उपद्रवी ठरवून मारण्याची मोकळीकही देण्यांत आली, पण त्या मोकळिकीचा लाभ घेण्यास हात फारसे पुढें आले नाहींत. यावरून धडा हाच कीं, हें काम एकट्यादुकट्याच्या बंदुकीनें होणारें नाहीं; तें सरकारच्या पिंजऱ्यानें आणि पशुवैद्याच्या हातानें व्हावयाचें आहे. प्राण्याचें रक्षण कायद्यानें आपल्याकडे घेतलें, तर त्याच्या पोटाचा भार एकट्या नाचणीवाल्यावर टाकणें न्यायाचें नाहीं.

तात्पर्य, नळी घेण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस एकच प्रश्न विचारावा : हा आवाज मला कोणापासून लपवावयाचा आहे? गाईपासून किंवा शेजारच्या आजाऱ्यापासून, असें उत्तर आलें तर वर सांगितलेले नियम पाहून नळी घ्यावी. माकडापासून आणि वनरक्षकापासून, असें उत्तर आलें तर पैसे गांठीस ठेवावे. आपल्या शेताचें संकट आधींच पुष्कळ मुकें आहे. ओस पडलेलें वरकस ओरडत नाहीं, लुटलेला फणस दाद मागत नाहीं. अशा ठिकाणीं शेतकऱ्यानें आणखी मुकें होऊं नये. बांधावरही आवाज करावा आणि कचेरींतही करावा.